शाळेचे नाव सांगण्याआधीच ‘पोलीस व्हेरिफिकेशन’चे पैसे: रजेच्या जागेवरच्या शिक्षकांची नाशिकमधली लूट

जूनमध्ये शाळा उघडल्या की नाशिकमध्ये रजेच्या जागा निघू लागतात. प्रसूती रजा 180 दिवसांची, म्हणजे पहिले सत्र त्यातच जाते. तेवढ्यापुरता गणिताला किंवा इंग्रजीला माणूस हवा असतो. संस्था ओळखीपाळखीतून शोधते, आणि डीएड-बीएड होऊन घरी बसलेली मुलेमुली व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर डोळे लावून असतात. फसवणारा नेमका या दोघांच्या मध्ये शिरतो.

गटात मजकूर येतो: गंगापूर रोडच्या नामांकित शाळेत सहा महिन्यांसाठी शिक्षक पाहिजे, मुलाखत नाही, थेट हजर व्हा. शाळेचे नाव नसते. फोन केला की आधी नोंदणीचे पाचशे-हजार मागतात. ते दिले की पुढचा टप्पा येतो: “आता पोलीस व्हेरिफिकेशन सक्तीचं झालंय मॅडम, ते आमच्याकडूनच होईल.” त्याचे दोन-तीन हजार. मग “तुमच्या नावात तफावत निघाली” म्हणून आणखी. शेवटी मूळ प्रमाणपत्रे जमा करायला सांगतात, आणि तिथून माणूस अडकतो.

लोक फसतात, कारण यातले अर्धे खरे असते. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत सफाई कर्मचाऱ्याने लहान मुलींवर अत्याचार केल्याची घटना घडली. त्यानंतर 21 ऑगस्ट 2024 च्या शासन निर्णयाने शाळेतल्या कर्मचाऱ्यांची, कंत्राटी आणि बाह्यस्रोतातल्यांचीही (म्हणजे एजन्सीमार्फत घेतलेल्यांचीही), चारित्र्य पडताळणी करून घेण्याची जबाबदारी शाळा व्यवस्थापनावर टाकली. ही पडताळणी हवीच. लहान मुलांच्या वर्गात जाणाऱ्या प्रत्येकाची व्हायलाच हवी. पण ती पोलीस करतात. दाखल्यासाठी पोलिसांच्या सेवा पोर्टलवर स्वतः अर्ज भरता येतो. ओळखीचा, पत्त्याचा आणि वयाचा पुरावा, फोटो, आणि नोकरीसाठी असेल तर संस्थेचे लेटरहेडवरचे पत्र लागते. शुल्क ऑनलाइन भरायचे आणि पावती जपून ठेवायची. सिडको, सातपूर, पंचवटी इथे राहणाऱ्यांचा अर्ज नाशिक शहर पोलीस आयुक्तालयाकडे जातो. सुरगाणा, पेठकडच्यांचा ग्रामीण पोलीस अधीक्षकांकडे. पुढे आपल्या पत्त्याच्या पोलीस ठाण्याकडून चौकशी होते.

इथेच खोटेपणा पकडता येतो. नोकरीसाठीच्या पडताळणीला संस्थेचे पत्र लागते, म्हणजे शाळा आधी ठरायला हवी. शाळेचे नाव न सांगता जो पडताळणीचे पैसे घेतो, तो कुठलीच पडताळणी करणार नसतो. तुमच्या हाती पडतो तो संगणकावर जुळवलेला, शिक्का चिकटवलेला कागद. तो शाळेत दाखवलात तर बनावट दस्तऐवज वापरल्याचा संशय तुमच्यावरच येतो.

नावाच्या तफावतीची भीती जास्त करून लग्न झालेल्या बायकांना घालतात. पदवीवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, हे घरोघरी आहे. त्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला किंवा नाव बदलाचे राजपत्र जोडतात. पोलीस दाखल्याला अर्ज करण्याआधीच ते काढून ठेवावे, म्हणजे या धमकीत काही उरत नाही.

नियुक्तीपत्र नीट वाचायला शिका. खऱ्या पत्रावर जावक क्रमांक, तारीख, कोणाच्या रजेवर, कधीपासून कधीपर्यंत, विषय, आठवड्याच्या तासिका, मानधन आणि मुख्याध्यापकांची सही हवी. यूडायस, म्हणजे प्रत्येक शाळेला मिळालेला सरकारी क्रमांक, 11 अंकी असतो. नाशिक जिल्ह्यातला 2720 ने सुरू होतो. तो पडताळा, आणि मग शाळेच्या कार्यालयात स्वतः जाऊन विचारा. पत्रातल्या मोबाइलवर फोन करून उपयोग नाही, तो त्यांचाच असतो.

“नंतर कायम करू, शालार्थ आयडी (सरकारी पगारासाठीचा क्रमांक) लावून देऊ” असे कोणी म्हणाला तर तिथेच उठावे. रजेची जागा मूळ शिक्षक परतला की संपते. अनुदानित शाळांतली नियमित भरती शासनाच्या शिक्षक भरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलवरून, अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर होते. पहिली ते आठवीला टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षाही लागते. पैसे देऊन मिळवलेल्या कागदांचे काय होते ते 2021 मध्ये उघड झालेल्या टीईटी घोटाळ्यात आणि 2025 मध्ये नागपूरच्या बनावट शालार्थ आयडी प्रकरणात सगळ्यांनी पाहिले आहे.

आश्रमशाळांच्या नावाने होणारी फसवणूक आम्हाला जास्त चिंतेची वाटते. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकलाच आहे. 2025 मध्ये आश्रमशाळांसाठी बाह्यस्रोतातून शिक्षक घेण्याचे ठरले आणि त्याविरुद्ध रोजंदारी शिक्षकांनी इथेच बिऱ्हाड आंदोलन केले. तेव्हापासून ‘एजन्सी’ हा शब्द उमेदवारांच्या कानाला सरावाचा झाला आहे, आणि कळवण-पेठच्या मुलाला खरी एजन्सी कोणती हे ओळखणे अवघड जाते. कंत्राट दिल्याचा आदेश पाहायला मागा, आणि त्या आदेशाचा क्रमांक आयुक्तालयात किंवा प्रकल्प कार्यालयात विचारून खात्री करा.

मूळ कागद कोणाच्याही हाती ठेवू नका. शाळा मूळ प्रत पाहते आणि स्वसाक्षांकित झेरॉक्स घेते. झेरॉक्सवर आडवे लिहा: कोणत्या शाळेसाठी, कशासाठी, तारीख. आधार, पॅन आणि सेल्फी एकत्र दिलेत तर तुमच्या नावाने खाते उघडले जाऊ शकते, आणि त्यातून दुसऱ्याच कोणाचे लुटलेले पैसे फिरतात.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितके ते पुढच्या खात्यांत पसरतात. गटातला मूळ मजकूर, क्रमांक, यूपीआयचा व्यवहार क्रमांक यांचे स्क्रीनशॉट आधी घ्या, कारण गटातून तुम्हाला काढून टाकतात. रोख दिले असतील तरी लेखी तक्रार करा. भारतीय न्याय संहितेचे कलम 318 फसवणुकीसाठीच आहे, आणि हद्दीचे कारण सांगून ठाण्याला गुन्हा नोंदवणे टाळता येत नाही. मूळ प्रमाणपत्रे अडकली असतील तर तक्रारीत प्रत्येकाचे नाव, वर्ष आणि आसनक्रमांक लिहा. दुय्यम प्रतीसाठी मंडळाकडे किंवा विद्यापीठाकडे जाताना त्या तक्रारीची पोच दाखवावी लागते.