अंबडच्या गाळ्यात विंडोज ७: चालू होतानाचे एरर कसे सुटले आणि इतक्या महिन्यांच्या वापरानंतर काय वाटतं

पावसाळ्याच्या तोंडावर लॅपटॉपवर टाकलेली विंडोज ७ आता थंडी ओसरत आली तरी रोज चालतेय, त्यामुळे आता छातीठोकपणे लिहितो. जुनी सिस्टीम थोड्या नव्या लॅपटॉपवर बसते, नीट बसते, फक्त चालू होताना जो एरर येतो तो वाचायचा. बहुतेक जण एरर दिसला की परत पहिल्यापासून फॉरमॅट मारून इन्स्टॉल करत बसतात आणि परत तोच एरर येतो, कारण घोळ इन्स्टॉलेशनमध्ये नसतोच, तो बायोसमध्ये (लॅपटॉप चालू होताच सगळ्यात आधी चालणारा आतला प्रोग्राम) नाहीतर ड्रायव्हरमध्ये (एकेक भाग विंडोजला चालवता येईल असं करणारं सॉफ्टवेअर) असतो.

आधी हे सांगतो की ७ कशाला, कारण ऐकणारा प्रत्येक जण हेच विचारतो. आमचं नाशिकच्या अंबड एमआयडीसीत जॉबवर्क आहे (पार्टीच्या मटेरियलवर मशीनकाम), व्हीएमसी म्हणजे प्रोग्रामवर चालणारी कटिंगची मशीन जुनी पण ठणठणीत, अजून माप सोडत नाही. तिला प्रोग्राम जातो आरएस-२३२ या जुन्या सीरियल केबलने, आणि पाठवणारं सॉफ्टवेअर त्याच जमान्यातलं, सेटअप १६ बिटचा. ६४ बिटच्या कुठल्याही विंडोजवर १६ बिटचं काही उघडतच नाही, मग ती ७ असो की ११. वर त्याला यूएसबी डोंगल (लायसन्सची किल्ली), ज्याचा ड्रायव्हर ७ च्या पुढे कुणी काढलाच नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये (एका विंडोजच्या आत दुसरी) चालवून बघितलं तर डोंगल मधूनच सुटायचं, आणि ड्रिप फीडवर, म्हणजे प्रोग्राम थोडा थोडा पाठवत, कट चालू असताना डेटा तुटला तर जॉबवर डाग पडतो, मटेरियल पार्टीचं असतं, परत कुणाच्या तोंडाकडे बघायचं? नवीन सॉफ्टवेअर घ्यायचं तर मशीनच्या कंट्रोलरपासून सगळं बदलावं लागतं. म्हणून ३२ बिटची विंडोज ७ सर्व्हिस पॅक १, दुसरा रस्ता नव्हता.

जुना डेस्कटॉप गेल्यावर एम. जी. रोडवरून सेकंडहँड ऑफिसवापरातला लॅपटॉप आणला, सिक्स्थ जनरेशन आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, २५६ जीबी साटा एसएसडी. सिक्स्थ जनरेशन मुद्दाम निवडला. त्याच्या पुढच्या प्रोसेसरवर मायक्रोसॉफ्टने २०१७ ला ७ चे अपडेट सरळ अडवले, अनसपोर्टेड हार्डवेअर असा मेसेज येतो, आणि ग्राफिक्स, चिपसेट, यूएसबी सगळ्याचे ७ वाले ड्रायव्हर सहज मिळतात ते इथपर्यंतच. कुणी स्वस्तात एट्थ जनरेशन देतो म्हणाला तरी ७ साठी घेऊ नका, नंतर ड्रायव्हर शोधण्यात जीव जातो.

आता मुख्य मुद्दा. लॅपटॉप टप्प्याटप्प्याने चालू होतो. आधी बायोस, तो डिस्कवरचा बूट मॅनेजर शोधणार, बूट मॅनेजर बीसीडी नावाची फाइल वाचून विंडोज कुठे ठेवलीय ते बघणार, मग कर्नल (विंडोजचा गाभा) आणि लागतील तेवढे ड्रायव्हर मेमरीत येणार, आणि त्यानंतर विंडोज स्वतःच्या ड्रायव्हरने डिस्क वाचायला लागणार. प्रत्येक टप्प्याचा एरर वेगळा आहे. नो बूटेबल डिव्हाइस म्हणजे बायोसलाच काही सापडलं नाही, तिथे विंडोजचा संबंधच नाही. बूटएमजीआर इज मिसिंग म्हणजे डिस्क सापडली पण ॲक्टिव्ह पार्टिशनवर बूट मॅनेजर नाही. काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरात झिरो एक्स सी, भरपूर शून्य आणि शेवटी एफ, म्हणजे बीसीडीत गडबड. आणि निळी स्क्रीन, स्टॉप सेव्हन-बी, म्हणजे विंडोज सुरू झाली पण तिला स्वतःचीच डिस्क दिसेना. एवढं डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

पहिली पायरी बायोस. ३२ बिटची ७ युईएफआय या बायोसच्या नव्या पद्धतीतून चालूच होत नाही, त्यामुळे लेगसी मोड, म्हणजे जुनी पद्धत, चालू, सिक्युअर बूट बंद (ओळखीची सही असलेलंच चालू होऊ देणारं कुलूप, तो विंडोज ८ पासून आलाय, ७ ला त्याची ओळखच नाही), साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआय. ६४ बिटची ७ युईएफआयवर चालते पण तिलाही सीएसएम (युईएफआयमधली जुन्या बायोसची सोय) चालू लागतो, कारण स्क्रीनसाठी ती बायोसची जुनी व्हिडिओ सेवा मागते. तो बंद असला तर स्टार्टिंग विंडोजच्या लोगोवर गाडी थांबते ती थांबतेच, ना एरर ना काही, आणि लोक समजतात डिस्क खराब. डिस्क एमबीआर ठेवली (एमबीआर जुनी आणि जीपीटी नवी, या डिस्कचे भाग नोंदवायच्या पद्धती), रुफस या सॉफ्टवेअरमध्ये पेनड्राइव्ह बनवतानाही एमबीआर आणि बायोस हेच निवडलं. लेगसी असेल तर एमबीआर, युईएफआय असेल तर जीपीटी. जोडी चुकली की सेटअप डिस्कवर इन्स्टॉल करायलाच नकार देतो, मग शिफ्ट एफ-टेन दाबून डिस्कपार्ट कमांडमध्ये क्लीन (डिस्क पुसणं) आणि कन्व्हर्ट (पद्धत बदलणं), अर्थात डेटा आधी काढून.

दुसरी अडचण सगळ्यात जास्त चक्रावणारी. पेनड्राइव्हवरून सेटअप छान चालू होतो, भाषा निवडायची स्क्रीन येते, आणि इन्स्टॉल दाबलं की म्हणतो सीडी-डीव्हीडीचा ड्रायव्हर मिळत नाही. बाहेरचा माउस मेलेला, लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड तेवढा चालतोय. अहो, ज्या पेनड्राइव्हवरून तू आलास तोच दिसत नाही म्हणजे काय! होतं असं की सुरुवातीला पेनड्राइव्ह वाचतो तो बायोस, सेटअप मेमरीत आला की बायोस बाजूला होतो आणि पुढे विंडोजने स्वतः यूएसबी चालवायचं असतं. ७ आली २२ ऑक्टोबर २००९ ला, तिच्यात यूएसबी ३ चा ड्रायव्हरच नाही. जुन्या लॅपटॉपमध्ये सोबत यूएसबी २ चा कंट्रोलर असायचा, म्हणून दुसऱ्या पोर्टला लावून बघा हा उपाय चालायचा, पण सिक्स्थ जनरेशनपासून इंटेलने तो कंट्रोलरच काढून टाकला, मग किती पोर्ट बदला, काही होत नाही.

उपाय एकच, ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हमध्ये घुसवायचा. घरच्या विंडोज १० वाल्या कॉम्प्युटरवर डिझम कमांडने बूट डॉट विम ही पेनड्राइव्हमधली सेटअपची फाइल माउंट केली, म्हणजे फोल्डरसारखी उघडली, त्यात दोन इमेज असतात, सेटअप दुसऱ्यात असतो, मी दोन्हीत टाकला. इंटेलचा यूएसबी ३ चा विंडोज ७ साठीचा ड्रायव्हर, ३२ बिटला ३२ बिटचाच. मग हेच इन्स्टॉल डॉट विममध्ये (लॅपटॉपवर बसणारी विंडोज जिच्यात असते ती फाइल) पण, आणि हे दुसरं फार महत्त्वाचं, कारण फक्त बूट डॉट विममध्ये टाकलं तर इन्स्टॉल पूर्ण होतं, पहिल्यांदा डेस्कटॉप येतो आणि परत एकही यूएसबी चालत नाही. शेवटी अनमाउंट करताना कमिट (बदल जतन कर) लिहायचंच, नाहीतर सगळं केलेलं वाया. ज्यांच्या लॅपटॉपला आतला डीव्हीडी ड्राइव्ह आहे त्यांनी सरळ डीव्हीडीवरून टाकावी, तो साटावर असतो, हा यूएसबीचा फेरा तेवढ्यापुरता टळतो.

सातपूरच्या एका मित्राकडे वेगळाच प्रकार झाला. त्याच्या लॅपटॉपला एसएसडी होती आणि डीव्हीडीच्या जागी कॅडीत (डिस्क बसवायच्या चौकटीत) जुनी हार्ड डिस्क. ७ टाकली एसएसडीवर, पण सेटअपने बूट फाइल लिहिल्या हार्ड डिस्कवर, कारण बायोसच्या यादीत ती पहिली होती. काही आठवडे मस्त चाललं, मग त्याने कॅडी काढली आणि बूटएमजीआर इज मिसिंग. तो नवीन एसएसडी घ्यायला निघाला होता! रिपेअरमधून कमांड प्रॉम्प्ट, डिस्कपार्टमध्ये एसएसडीचं पार्टिशन ॲक्टिव्ह, मग बीसीडीबूटने बूट फाइल त्याच पार्टिशनवर लिहिल्या, पाच मिनिटांचं काम. इन्स्टॉल करताना दुसरी डिस्क काढून ठेवली की हा प्रश्न येतच नाही.

निळी स्क्रीन क्षणभर येऊन लॅपटॉप परत रिस्टार्ट होत असेल तर एफ-एट दाबून डिसेबल ऑटोमॅटिक रिस्टार्ट निवडा, मग कोड शांतपणे वाचता येतो. आणि सेफ मोडमध्ये यादी सरकता सरकता क्लासपीएनपी डॉट सिसवर अडकली तर त्या फाइलच्या मागे लागू नका. ती लोड झालेली शेवटची असते, अडलेलं असतं त्याच्या पुढचं, बऱ्याचदा डिस्कचा मोड नाहीतर एसीपीआय (बायोस विंडोजला पॉवर आणि हार्डवेअरची माहिती देतो तो भाग). ए-फाइव्ह कोड आला तर बायोसचं एसीपीआय आणि ७ चं पटत नाही असा अर्थ, तिथे बायोस अपडेट सोडून फार काही हातात नसतं.

आता वापराचं. ३२ बिट असल्यामुळे ८ पैकी साडेतीनच्या आसपासच रॅम वापरात येते, आमच्या कामाला ती खूप झाली. चालू व्हायला एसएसडीमुळे चहा ओतेपर्यंतचाही वेळ लागत नाही. सीरियलसाठी यूएसबी कन्व्हर्टर वापरतो, तो कायम एकाच पोर्टला, कारण पोर्ट बदलला की कॉम नंबर (सीरियल पोर्टचा नंबर) बदलू शकतो आणि सॉफ्टवेअर जुन्याच नंबरवर वाट बघत बसतं. पॉवर ऑप्शनमध्ये स्लीप बंद आणि यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (रिकामा यूएसबी झोपवणं) बंद केलं, मोठ्या प्रोग्रामला हे फार गरजेचं आहे. तेव्हापासून ड्रिप फीड एकदाही तुटलेला नाही, आणि मला त्याचंच सगळ्यात जास्त समाधान आहे.

पावसाळ्यात अंबडला लाइट जाते-येते, आणि सेकंडहँड बॅटरी काही मिनिटंच तग धरते. अचानक बंद पडला की पुढच्या वेळी विंडोज एरर रिकव्हरीची स्क्रीन येते, कधी त्यात स्टार्टअप रिपेअर आपोआप निवडलेलं असतं, कुणी हात लावला नाही की तेच सुरू होतं आणि लॅपटॉप कितीतरी वेळ शोधाशोध करत बसतो, इकडे मशीन उभी. याला बीसीडीएडिटमध्ये बूटस्टेटसपॉलिसी इग्नोरऑलफेल्युअर्स केलं, आता लाइट गेली-आली तरी सरळ डेस्कटॉप येतो. ज्या लॅपटॉपला ऑपरेटर हाताळणार आहेत त्यावर हे केलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

खरी परीक्षा दिवाळीनंतर झाली. सुट्टीत गाळा बंद, लॅपटॉपची बॅटरी पूर्ण उतरली. सुट्टी संपल्यावर सकाळीच ऑपरेटरचा फोन, "दादा, लॅपटॉप नो बूटेबल डिव्हाइस म्हणतोय, एसएसडी गेली वाटतं." मी म्हटलं काही करू नको, फक्त बायोसमध्ये जाऊन तारीख काय दिसते सांग. तारीख २०१६ ची! म्हणजे आतला नाण्याएवढा सीएमओएस सेल मेला आणि बायोसच्या सगळ्या सेटिंग डिफॉल्टला गेल्या. लेगसी बंद होऊन युईएफआय चालू झालं होतं, त्यामुळे एमबीआर डिस्क त्याला दिसेचना. मी पोहोचून सिक्युअर बूट बंद करून लेगसी चालू केलं तर आता निळी स्क्रीन, सेव्हन-बी. तीही अपेक्षितच, कारण साटा मोड डिफॉल्टला रेड (RAID) या दुसऱ्या पद्धतीवर गेला होता आणि विंडोजकडे ड्रायव्हर एएचसीआयचा. परत एएचसीआय केलं, तारीख नीट, आणि डेस्कटॉप समोर. बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो मोबाइलमध्ये होता, ते फार कामी आलं. एका दुकानात दाखवलं असतं तर नक्की फॉरमॅट मारला असता, तसं शेजारच्याचं झालेलं मी बघितलंय, डोंगलच्या लायसन्सची फाइल पण त्यात गेली त्याची. सेल सीआर२०३२, वायर आणि छोट्या कनेक्टरसकट येतो तो आणून बसवला.

त्याच शेजारच्या गाळ्यातल्या भाऊंकडे ६४ बिटची ७ आणि एनव्हीएमई (साटापेक्षा नव्या जातीची) एसएसडी आहे. तिथे सेटअपला डिस्कच दिसत नव्हती. मायक्रोसॉफ्टचे केबी२९९०९४१ आणि केबी३०८७८७३ हे दोन हॉटफिक्स (दुरुस्तीचे पॅच) दोन्ही विम फाइलमध्ये टाकल्यावर दिसली. नंतर एक ड्रायव्हर टाकला आणि रिस्टार्टला डिजिटल सिग्नेचर व्हेरिफाय होत नाही, शेवटी ४२८ वाला एरर. नवे ड्रायव्हर शा-टू या नव्या प्रकारच्या डिजिटल सहीचे असतात, मूळ ७ ला ती सही वाचता येत नाही. एफ-एटमधून सिग्नेचर एन्फोर्समेंट तात्पुरतं बंद करून आत गेलो, आधी केबी४४९०६२८ आणि मग केबी४४७४४१९ टाकलं, मिटलं. पण शक्य असेल तर साटा एसएसडीच घ्या, एवढ्या उठाठेवी वाचतात.

एक गोष्ट कळकळीने सांगतो, हा लॅपटॉप इंटरनेटला लावायचा नाही. ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, क्रोमही १०९ व्हर्जनला थांबलं, आणि मे २०१७ च्या वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसमध्ये सगळ्यात जास्त मार ७ वाल्यांनीच खाल्ला होता, तेव्हा तर सपोर्ट चालू होता. आमच्याकडे वायफाय बायोसमधूनच बंद आहे, प्रोग्राम येतात एका ठरलेल्या पेनड्राइव्हने, तो आधी दुसऱ्या कॉम्प्युटरवर स्कॅन होतो. जीएसटी, बँक, मेल यासाठी कुणी ७ टाकत असेल तर मी सरळ नको म्हणेन, त्याला घरातला दुसरा कुठलाही लॅपटॉप बरा.

सगळं सेट झाल्यावर त्या एसएसडीचा क्लोन (हुबेहूब नक्कल) तशाच दुसऱ्या एसएसडीवर काढला, ड्रॉवरमध्ये बायोसच्या फोटोंच्या प्रिंटसोबत ठेवलाय. नुसता काढून ठेवला नाही, एका रविवारी तो लॅपटॉपमध्ये लावून मशीनला प्रोग्राम पाठवून बघितला, डोंगलसकट सगळं चाललं. आता तसाच अजून एक सिक्स्थ जनरेशन लॅपटॉप चांगल्या भावात मिळाला तर घेऊन ठेवायचाय, कारण क्लोन लावायला लॅपटॉप तर त्याच मॉडेलचा हवा.