कापत जायचं की जोडत जायचं: डेबियनचा गाभा हलका करताना

डेबियन या लिनक्स प्रणालीचा मूळ पॅकेज-संच, म्हणजे तिच्यात बसवलेल्या सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांची यादी, कमी करायला दोन रस्ते आहेत. पूर्ण बसवलेल्या सिस्टिममधून नको ते काढत जायचं, नाहीतर डेबियन शून्यापासून उभारणाऱ्या डीबूटस्ट्रॅप या साधनाच्या ‘मिनबेस’ या किमान संचापासून सुरुवात करून लागेल तेवढंच चढवायचं. शेवटची यादी दोन्हीकडे जवळपास सारखी होऊ शकते. खरा फरक ती यादी नंतर टिकवताना कळतो.

मशीन दूर असेल, चालू असेल आणि पुन्हा बसवण्याची सोय नसेल, तर कापणंच बरं. बसवलेल्या पॅकेजांची माहिती देणाऱ्या डीपीकेजी-क्वेरी या आज्ञेकडून प्रत्येक पॅकेजचं ‘इन्स्टॉल्ड-साइझ’ (डिस्कवर लागणारी जागा) घेऊन उतरत्या क्रमानं लावा. आकडे किबीबाइटमध्ये येतात. जुन्या कर्नल, कंपायलर, डॉक्युमेंटेशनची पॅकेजं लगेच वर दिसतात. इथपर्यंत काम झटपट होतं.

घोडं अडतं ते ऑटोरिमूव्हपाशी, म्हणजे कुणालाच न लागणारी पॅकेजं काढणाऱ्या, एपीटी या पॅकेज-व्यवस्थापकाच्या आज्ञेपाशी. ‘काढण्यासारखं काही नाही’ असं तो सांगतो आणि समोर तर निरुपयोगी पॅकेजांची रांग दिसत असते. याला दोन कारणं आहेत. डीबूटस्ट्रॅपनं बसवलेल्या पॅकेजांवर ‘ऑटो’ची, म्हणजे दुसऱ्या पॅकेजसाठी आपोआप आल्याची, खूण नसते, त्यामुळे एपीटी ती सगळी तुम्ही मागून घेतलेली समजतो. दुसरं जास्त चिवट आहे: बसवलेलं एखादं पॅकेज ज्याची नुसती शिफारस (‘रेकमेंड्स’) करतं, किंवा ज्याला फक्त ‘सजेस्ट्स’मध्ये, म्हणजे त्याहून सौम्य सुचवणीत, धरतं, तेही ऑटोरिमूव्ह राखून ठेवतो. म्हणजे ज्याच्यावाचून कुणाचंच अडत नाही, तेही मुक्कामाला राहतं. मग एकेका नावावर, ते कुणामुळे टिकलंय हे सांगणारी ‘ॲप्टिट्यूड व्हाय’ आज्ञा चालवत बसा. ‘रेकमेंड्सइम्पॉर्टंट’ आणि ‘सजेस्ट्सइम्पॉर्टंट’ या एपीटीच्या दोन्ही सेटिंग ‘फॉल्स’ केल्या की हे दुसरं कारण सुटतं, पण तेव्हा कात्री एकदम खोल जाते. म्हणून आधी ‘एपीटी-गेट -एस ऑटोरिमूव्ह’नं रंगीत तालीम घ्याच, त्या यादीत ओपनएसएसएच-सर्व्हर किंवा नेटवर्कचं पॅकेज आलं, तर दूरचं मशीन हातातून गेलं समजा.

दुसरा रस्ता जोडत जाण्याचा. मिनबेसमध्ये गाभ्याची अत्यावश्यक पॅकेजं आणि एपीटी येतं. कर्नल नाही, बूटलोडर नाही, बूट होताना बाकी सेवा सुरू करणारं इनिटसुद्धा नाही. ते देणारं सिस्टमडी-सिसव्ही आपणच घालायचं. शिफारशी आपोआप बसणं 2009 च्या ‘लेनी’ या डेबियन आवृत्तीपासून रूढ आहे, तेव्हा पहिल्याच पायरीला ‘इन्स्टॉल-रेकमेंड्स’ बंद करा. त्याची किंमत मोजावी लागते: सीए-सर्टिफिकेट्स राहून जातं आणि एचटीटीपीएस चालत नाही, लिबपॅम-सिस्टमडी राहतं आणि लॉगिन केल्यावर वापरकर्त्याचं सेशन नोंदलं जात नाही. पण या उणिवा बहुधा पहिल्या बूटला किंवा पहिल्या चाचणीतच समोर येतात. कापलेल्या सिस्टिममध्ये कधीतरीच चालणारी एखादी स्क्रिप्ट चालू प्रक्रिया दाखवणारी ‘पीएस’ आज्ञा शोधते आणि ती देणारं प्रोक्प्स काढलेलं असल्यानं गप्प पडते. ते कळायला फार उशीर होतो, आणि मला वाटतं निर्णय इथंच होतो.

‘इसेन्शियल’ (अत्यावश्यक) खुणेच्या पॅकेजांना मात्र दोन्ही रस्त्यांवर हात लावू नये. त्यांच्यावरचं अवलंबित्व जाहीर करण्याची इतर पॅकेजांवर सक्तीच नाही, त्यामुळे पर्ल-बेस काढलं तर काय काय मोडेल हे डिपेंडन्सी बघून कळत नाही. डिस्ट्रोच्या पातळीवर हे करायचं तर आधी वापरणाऱ्या पॅकेजांत डिपेंडन्सी लिहायची, मगच खूण उतरवायची. फाइलसिस्टिमची साधनं देणाऱ्या ई-टू-एफएस-प्रॉग्सची ती खूण अशीच गेली.

डॉक्युमेंटेशनच्या फायली हातानं पुसू नका, पुढच्या अपग्रेडला परत येतात. डीपीकेजीच्या ‘पाथ-एक्स्क्लूड’मध्ये मार्ग लिहा आणि कॉपीराइटच्या फायली वगळू नका.

कापण्याशिवाय इलाजच नसेल, तर त्यातही जोडण्याची शिस्त आणता येते. इक्विव्ह्‌सनं स्वतःचं मेटापॅकेज (आत काही नसलेलं, फक्त इतर पॅकेजं मागणारं पॅकेज) बनवा, त्याच्या ‘डिपेंड्स’मध्ये कर्नल, बूटलोडर आणि एसएसएचसकट हवी ती नावं लिहा, तेवढंच ‘मॅन्युअल’ ठेवून बाकी सगळ्यांवर ‘ऑटो’ची खूण करा. यादी बदलली की मेटापॅकेजची आवृत्ती वाढवायची. प्रत्येक नावापुढे ते का हवं याची एक ओळ लिहून ठेवलीत, तर पुढच्या रिलीजला काय वगळायचं हे त्या फाइलवरूनच ठरवता येतं.