शेअरचे बटण दाबल्यावर फोटोचे काय होते: एका संपादन-ॲपचा वापरानंतरचा अनुभव

फोटो कापणे, त्यावर बाण आणि खुणा काढणे, दोन ओळी लिहिणे आणि तो लगेच दुसऱ्या ॲपकडे पाठवणे, एवढ्याच कामासाठी मी हे संपादन-ॲप बरेच महिने जवळजवळ रोज वापरत आहे. ॲपचे नाव येथे देत नाही. संपादनाबाबत माझी काहीच तक्रार नाही. बाण सुबक येतात, अक्षरे हवी तिथे बसतात. प्रश्न सुरू होतो तो तयार झालेली प्रतिमा ॲपच्या बाहेर पडताना, आणि अशा ॲपची खरी परीक्षा तिथेच होते असे माझे मत झाले आहे.

सर्वात आधी लक्षात येतो तो दर्जातील फरक. या ॲपमध्ये 'जतन करा' म्हटले की प्रतिमा मूळ आकारात, म्हणजे माझ्या फोनच्या बाबतीत ४००० × ३००० पिक्सेलमध्ये, गॅलरीत जाते. पण तीच प्रतिमा थेट 'शेअर'मधून पाठवली तर ॲप आधी तिची एक लहान प्रत तयार करते आणि तीच पुढे सरकवते. समोरचे निरोपाचे ॲप ती प्रत पुन्हा दाबून लहान करते. अशी दोनदा चेपलेली प्रतिमा निसर्गदृश्याची असेल तर फारसे कळत नाही, परंतु आकृतीवर लाल बाण काढलेला असेल तर बाणाच्या कडांभोवती मळकट धूसर पट्टा स्पष्ट दिसतो. याचे कारण जेपेग या फोटो साठवण्याच्या नेहमीच्या फाइल-प्रकाराच्या रचनेत आहे: त्यात रंगाची माहिती बहुधा उजळपणाच्या माहितीच्या निम्म्या बारकाव्याने साठवली जाते, त्यामुळे गडद लाल रेषा आणि तिच्याखालचा बारीक मजकूर यांनाच पहिला फटका बसतो.

दोष नेमका कोणाचा हे तपासायला मी एक साधी पद्धत ठेवली आहे. तीच प्रतिमा शेअरच्या यादीतून निरोपाच्या ॲपऐवजी फाइल साठवणाऱ्या ॲपकडे पाठवायची आणि तिथे तिचा आकार पाहायचा. तिथेच आकार कमी दिसला तर पाठवणारे ॲप जबाबदार. तिथे पूर्ण असून पलीकडे कमी झाला तर घेणारे. पलीकडच्या बाजूसाठी उपाय आहेत. व्हॉट्सॲपने २०२३ मध्ये एचडी दर्जाचा पर्याय दिला, तरी त्यातही थोडी काटछाट होतेच. बारीक अक्षरे वाचायची असतील तर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवणेच खात्रीचे. अलीकडच्या अपडेटनंतर या संपादन-ॲपच्या सेटिंगमध्ये 'पूर्ण आकारात शेअर करा' अशी नोंद आली आहे. ती आपोआप सुरू नसते, शोधून सुरू करावी लागते.

पारदर्शक पार्श्वभूमीच्या प्रतिमांबद्दल थोडक्यात: पीएनजी या दुसऱ्या फाइल-प्रकारातील पारदर्शकता जेपेगमध्ये टिकत नाही, आणि हे ॲप शेअर करताना कोणतीही सूचना न देता जेपेग करते, त्यामुळे बोधचिन्ह काळ्या चौकोनात बसून पोहोचते. अशा कामासाठी मी आधी जतन करून गॅलरीतूनच पाठवतो.

यापेक्षा अधिक त्रासदायक प्रकार ईमेलमध्ये घडतो. अँड्रॉइडवर शेअर करताना एक ॲप दुसऱ्याला सहसा फाइल देत नाही, तर फाइलचा पत्ता आणि ती वाचण्याची तात्पुरती परवानगी देते. २०१६ साली आलेल्या अँड्रॉइड ७.० पासून नव्या ॲपना फाइलचा थेट मार्ग दुसऱ्याच्या हाती देता येत नाही, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण घेणाऱ्या ॲपने फोटोची स्वतःची प्रत लगेच केली नाही आणि नेटवर्क नसल्यामुळे पत्र आउटबॉक्समध्ये पडून राहिले, तर दरम्यान परवानगी संपते किंवा संपादन-ॲप आपली तात्पुरती प्रत पुसून टाकते. मग नेटवर्क आल्यावर जोडलेली फाइल उघडता येत नाही असा निरोप झळकतो. माझ्या संपादन-ॲपची तात्पुरती प्रत ॲप बंद करताच नाहीशी होते, हे मी पडताळून पाहिले आहे. ती किमान दिवसभर तरी राहायला हवी होती.

खासगीपणाचा मुद्दा मात्र सर्वांनीच पाहावा असा आहे. कॅमेऱ्यात स्थानाची नोंद सुरू असेल तर फोटोच्या एक्झिफ माहितीत, म्हणजे फाइलमध्येच दडलेल्या नोंदीत, अक्षांश-रेखांश, वेळ आणि फोनचे मॉडेल साठते, आणि खुणा काढून नवी प्रतिमा केली म्हणून ही माहिती आपोआप जात नाही. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवल्यास ती गळून पडते; डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलने पाठवल्यास तशीच पोहोचते. म्हणजे वर दर्जासाठी सुचवलेली वाटच इथे सांभाळून वापरावी लागते. आयफोनवर, २०१९ च्या आयओएस १३ पासून, शेअरच्या पडद्यावर वरच 'पर्याय' दिसतो आणि तिथे स्थान वगळता येते. माझ्या ॲपमध्ये हीच सोय सेटिंगच्या तिसऱ्या पातळीवर दडलेली आहे. ज्या क्षणी फोटो पाठवायचा त्या क्षणी ती समोर असायला हवी.

शेअरच्या यादीबाबत फार लिहिण्यासारखे नाही. व्यक्तींची नावे वर येण्यात जुन्या फोनवर जो विलंब जाणवत असे, तो अँड्रॉइड १० मध्ये पद्धत बदलल्यापासून बराच कमी झाला. एकाच वेळी अनेक प्रतिमा पाठवल्या की त्यांचा क्रम मात्र कधीकधी उलटा होतो, म्हणून टप्प्याटप्प्याने काम समजावताना मी प्रतिमेवरच क्रमांक लिहितो.

चीड आणणारी एक गोष्ट उरते. मोफत आवृत्तीत प्रत्येक शेअरसोबत ॲपच्या जाहिरातीची एक ओळ मजकूर म्हणून जोडली जाते. काही ॲप ती दुर्लक्षितात, काही ती थेट फोटोखालच्या ओळीत भरतात, आणि कार्यालयीन पत्रव्यवहारात ती हाताने खोडावी लागते. ती बंद करता आली आणि तात्पुरती प्रत अधिक काळ टिकली, तर आज दिलेले पाचपैकी तीन तारे मी आनंदाने चार करीन.