मसाई मारातली बलून सफारी: पैसे कुठे वसूल होतात, कुठे नाहीत

केनियातल्या मसाई मारा अभयारण्यामध्ये बलून सफारीला माणशी साधारण 450 ते 500 डॉलर पडतात, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस हजार रुपये. त्यात हवेतला वेळ तासाभराचा. एवढे पैसे मोजले की वरून सिंह-बिबटे मनसोक्त दिसतील, या हिशेबाने जाणार असाल तर जाऊ नका. प्राणी बघायला जीपच बरी. ती थांबते, मागे येते, हवा तितका वेळ उभी राहते. बलूनला यातलं काहीच जमत नाही.

बलूनमधून दिसतो तो मारा. नदीची नागमोडी वळणं आणि तिच्या दोन्ही काठांची दाट झाडी, पश्चिमेला ओलोलोलोचा कडा, मोकळ्या माळावर एकेकटी उभी असलेली झाडं आणि त्यांच्या लांबलचक सावल्या. रात्री चरायला बाहेर पडणाऱ्या पाणघोड्यांनी नदीपासून गवतात पाडलेल्या वाटा जीपमधून कळतही नाहीत, वरून मात्र नकाशावर आखल्यासारख्या दिसतात. जुलै ते ऑक्टोबरमध्ये विल्डबीस्टच्या (गायीसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांच्या) कळपांचा पसारा किती आहे, हेही वरूनच उमगतं. यासाठी पैसे मोजायची तयारी असेल तर सफारी उत्तम आहे. इथे प्रवासी बलून 1976 पासून उडताहेत. वन्यजीवांवर चित्रपट करणारे अ‍ॅलन रूट यांनी ते सुरू केले. त्यामुळे धंदा मुरलेला आहे आणि कामात सहसा गोंधळ दिसत नाही.

दिवस पहाटे साडेचार-पाचला सुरू होतो. कॅम्पवरून जीप नेते. त्या अंधारातल्या प्रवासात तरस बऱ्याचदा दिसतात. उड्डाणाच्या जागी चहा-कॉफी मिळते, पायलट सूचना देतो आणि तोवर गवतावर पसरलेल्या कापडात मोठ्या पंख्यांनी थंड हवा भरली जाते. कापड बऱ्यापैकी फुगलं की बर्नर पेटतो. सोळा माणसांच्या बलूनमध्ये दहा-बारा हजार घनमीटर हवा मावते आणि ती तापवायला प्रोपेन गॅसच्या मोठ्या ज्वाळा लागतात. बऱ्याच कंपन्यांची बास्केट त्या वेळी आडवी असते. आपापल्या कप्प्यात पाठीवर झोपून, गुडघे वर घेऊन शिरायचं. बलून उभा राहिला की बास्केटही सरळ होते आणि आपण उभे राहतो. साडी, घट्ट जीन्स, घसरणाऱ्या चपला यांची इथे पंचाईत होते. सैल पँट आणि बूट घाला.

सूर्योदयाचीच वेळ का, तर ऊन चढलं की जमीन कमी-जास्त तापते, गरम हवेचे झोत वर उठू लागतात आणि मग बलून ताब्यात ठेवणं अवघड होतं. पायलटच्या हातात फक्त वर जाणं आणि खाली येणं असतं. उंचीप्रमाणे वाऱ्याची दिशा थोडी बदलते. झाडांच्या शेंड्यापासून हजार फुटांपर्यंत खालीवर करत तो हवी ती दिशा शोधतो. ‘तिकडे हत्ती आहेत, तिकडे घ्या’ म्हणून उपयोग नाही. बर्नर काही सेकंद भडकतो तेव्हा कानठळ्या बसतात, तो बंद झाला की पूर्ण शांतता. या आवाजाने रानम्हशी आणि हरणं बुजतात, म्हणून समंजस पायलट कळपांवरून जाताना उंची वाढवतो. कळपाच्या डोक्यावर उतरून पर्यटकांना खूश करणारा पायलट चांगला समजू नका.

काय दिसेल? हत्ती, जिराफ, झेब्रे, पाण्यात किंवा काठावर पाणघोडे, तरस. सिंह अधूनमधून. बिबट्या दिसला तर नशीब. विल्डबीस्टचे कळप मारा नदी ओलांडतात तो प्रसंग बलूनमधून दिसेल असं कोणी सांगत असेल तर त्याच्याकडून बुकिंग करू नका. कळप बहुतेकदा ऊन वर आल्यावर नदीत उतरतात, तोवर तुमचा नाश्ता झालेला असतो.

थंडीचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटर आणि त्याहून वर आहे, पहाटे तापमान दहा-बारा अंशांवर येतं. पण गारठा लागतो तो उघड्या जीपमध्ये आणि बलून फुगेपर्यंत उभं राहताना. हवेत गेल्यावर बलून वाऱ्याच्याच वेगाने जातो, त्यामुळे अंगाला वारा जाणवत नाही. उलट डोक्यावर बर्नरची धग येते, उंच माणसांना जास्तच. सुती टोपी आणि काढता येतील असे दोन-तीन थर पुरतात.

आता लँडिंग, ज्याबद्दल टूरवाले फारसं बोलत नाहीत. पायलटने सांगितलं की खाली बसायचं, पाठ पुढच्या दिशेला टेकवायची, गुडघे वाकवायचे आणि समोरच्या दोरीच्या कड्या दोन्ही हातांनी धरायच्या. कॅमेरा त्याआधीच बॅगेत गेलेला हवा. वारा मंद असेल तर बास्केट अलगद टेकते. नसेल तर दोनदा आपटते, आडवी होते आणि गवतातून काही मीटर फरफटत जाते. हा अपघात नव्हे, वारा असताना असंच उतरतात. पायलटने सांगेपर्यंत कोणीही बाहेर पडायचं नाही. एक-दोघं उतरली की वजन कमी होऊन बलून पुन्हा उचलला जाऊ शकतो.

म्हणूनच गरोदर बायका, नुकतं ऑपरेशन झालेले, पाठीचा, गुडघ्याचा किंवा ठिसूळ हाडांचा त्रास असलेले यांनी बलूनचा नाद सोडावा. आई-वडिलांना हौसेने पाठवणाऱ्यांनी हे आधी वाचावं. मुलांसाठी वयाची अट कंपनीप्रमाणे बदलते, पण उंची चार फुटांच्या आसपास हवी, नाहीतर त्यांना बास्केटच्या कडेवरून काही दिसतच नाही. वजन विचारलं तर खरं सांगा. त्यावरच कोण कुठल्या कप्प्यात हे ठरतं. फार जास्त वजनाला जादा पैसे पडतात. प्रवास विम्यात बलून उड्डाण येतं का, तेही तपासा. कित्येक स्वस्त पॉलिसींमधून ते वगळलेलं असतं.

पैशांची खरी गोम पार्क फीमध्ये आहे. प्रौढ परदेशी पर्यटकाला जानेवारी ते जून दिवसाला 100 डॉलर, जुलै ते डिसेंबर 200 डॉलर. बलूनच्या दरात ती सहसा धरलेली नसते. तुमचा कॅम्प गेटबाहेर, तालेक किंवा सेकेनानीला असेल, तर त्या दिवसाची फी भरावीच लागते. मग त्याच तिकिटावर दिवसभराची गेम ड्राइव्हही (जीपमधून प्राणी बघायची फेरी) उरकून घ्या. तुमच्या ड्रायव्हरलाच नाश्त्याच्या जागी जीप घेऊन यायला सांगा. नाहीतर बलूनवाले दहाच्या सुमारास कॅम्पवर सोडतात, तिथून परत गेटवर या, आणि एकदा बाहेर पडल्यावर तेच तिकीट चालतं का यावर वाद घाला.

दुसरी किंमत वेळेची. पहाटे सहा ते नऊ ही प्राणी दिसायची सर्वांत चांगली वेळ, आणि नेमकी तीच बलून खातो. मारात दोनच रात्री असतील तर आमचं मत स्पष्ट आहे: बलून नको. तीन रात्रींपासून पुढे जरूर करा, आणि बुकिंग पहिल्याच सकाळचं घ्या. पाऊस, धुकं किंवा जोराचा वारा असेल तर उड्डाण रद्द होतं. पहिल्या दिवशी रद्द झालं तर दुसरी सकाळ हाताशी राहते. शेवटच्या दिवशी रद्द झालं तर फक्त परतावा. हवामानामुळे रद्द झाल्यास पैसे परत मिळतात, पण मधल्या एजंटकडून ते किती दिवसांत आणि किती कापून मिळणार, हे लेखी घ्या. जुलै ते ऑक्टोबरच्या जागा काही महिने आधी भरतात. आपल्याकडच्या मे महिन्याच्या सुट्टीत फी निम्मी असते, पण तिथला मोठा पाऊस पुरता सरलेला नसतो आणि गवत उंच असतं. दिवाळीच्या सुमारास छोटा पाऊस सुरू होतो. आकाशाच्या दृष्टीने जानेवारी-फेब्रुवारी बरे.

कॅमेऱ्याला एकच झूम लेन्स लावा, 24-105 किंवा तत्सम. बदलायला जागा नसते. पहिली पंधरा मिनिटं उजेड कमी असतो, म्हणून आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) वाढवायला लाजू नका. सर्वांत चांगला फोटो बहुधा प्राण्याचा नसतो, शेजारच्या बलूनचा असतो. मोबाइलला मनगटाचा पट्टा हवाच. ड्रोन नेऊ नका, परवानगीशिवाय तो चालत नाही.

शेजारच्या टांझानियातल्या सेरेंगेटीतही हेच मिळतं, सुमारे शंभर डॉलर जास्त देऊन. तिथलं मैदान अफाट आहे, मधे खडकांच्या टेकड्या. नदी आणि हिरवाई हवी तर मारा. एकाच सहलीत दोन्हीकडे बलून करण्यात अर्थ नाही.

उतरल्यावर माळावर टेबलं मांडून शॅम्पेनसह नाश्ता देतात. अंडी, बेकन, सॉसेज, पॅनकेक, फळं, ब्रेड. शाकाहार पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की पॅनकेक आणि ऑम्लेट बऱ्याचदा बेकनच्याच तव्यावर होतात. वेगळा तवा हवा असेल तर आदल्या दिवशी कॅम्पच्या मॅनेजरकडून निरोप द्या, सहसा सोय होते. जैन जेवण मात्र गृहीत धरू नका, खाकरा-ठेपले सोबत असू द्या.