जर्मन नावांच्या सव्वाशे वर्षांचा आलेख : ‘बेलीब्टे फोरनामेन’ या संकेतस्थळाचे परीक्षण

जर्मनीत मुलांना कोणती नावे ठेवली जातात याची सरकारी आकडेवारी उपलब्ध नाही. प्रत्येक जन्माची आणि नावाची नोंद ‘श्टांडेसआम्ट’ या स्थानिक नोंदणी कार्यालयात होते. मात्र या कार्यालयांतील नावे एकत्र करून देशाच्या सांख्यिकी कार्यालयाने दरवर्षी यादी काढावी, अशी पद्धत तिथे नाही. हे काम प्रामुख्याने दोन ठिकाणी होते. वीसबाडेन येथील जर्मन भाषा संस्था 1977 पासून नोंदणी कार्यालयांकडून नावे मागवून वार्षिक यादी प्रसिद्ध करते. दुसरीकडे, हँबुर्गजवळच्या आरेन्सबुर्ग येथील नावांचे हौशी अभ्यासक क्नुड बीलेफेल्ड गेली अनेक वर्षे ‘बेलीब्टे फोरनामेन’ (म्हणजे ‘लोकप्रिय नावे’) हे संकेतस्थळ चालवत आहेत. प्रस्तुत परीक्षण मुख्यतः या संकेतस्थळाचे आहे. जर्मनीत राहणारी मराठी कुटुंबे आणि पुण्या-मुंबईत जर्मन शिकणारे विद्यार्थी या दोघांनाही त्याचा मनापासून उपयोग होईल, असे मला वाटते.

वर्षअखेरीस जाहीर होणाऱ्या पहिल्या दहा नावांमुळे हे संकेतस्थळ वर्तमानपत्रांत झळकते, पण त्याचे खरे मोल 1890 पासूनच्या जुन्या याद्यांमध्ये आहे. त्या दशकवार वाचत गेले की एकेक पिढी डोळ्यांसमोर उभी राहते. विसाव्या शतकाच्या आरंभी आना, मार्था, फ्रीडा, एमा आणि विल्हेल्म, कार्ल, ओटो ही नावे घरोघरी आढळतात. दोन महायुद्धांच्या दरम्यान उर्सुला, गेर्डा, हेल्गा, इनग्रिड यांचा काळ येतो. मुलांमध्ये हान्स, ग्युंटर, वेर्नर, होर्स्ट. युद्धानंतर पेटर, वोल्फगांग, मोनिका, रेनाटे; साठच्या दशकात टोमास, मिशाएल, आंद्रेआस, साबीने, पेट्रा; सत्तरच्या दशकात श्टेफान, क्रिस्टियान, निकोल, सांड्रा. आपल्याकडे यशवंत, मालती, सुनील, वैशाली आणि आरव ही नावे ऐकताच वयाचा अंदाज येतो, तसाच अंदाज जर्मन माणूस या नावांवरून बांधतो. परकीय वाचकाला ही जाण सहसा अनेक वर्षांच्या सहवासाने येते. इथे ती काही तासांच्या वाचनात बऱ्याच अंशी येते. जुन्या पाठ्यपुस्तकांत पेटर आणि साबीने यांच्याशी संवाद साधत ज्यांनी जर्मन शिकले, त्यांना ते दोघे आता निवृत्तीच्या वयाचे आहेत आणि त्यांची नातवंडे फिन, मिया किंवा एमिल असण्याची शक्यता अधिक आहे, हे या याद्यांवरून लगेच कळते.

एकेका नावाचा स्वतंत्र आलेख हा या संकेतस्थळाचा मला सर्वांत आवडलेला भाग आहे. एमा या नावाचा आलेख अवश्य पाहावा. 1900 च्या सुमारास अत्यंत लोकप्रिय असलेले हे नाव शतकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ नाहीसे होते, कित्येक दशके तळाशी राहते आणि नव्वदच्या दशकात पुन्हा वर येऊ लागून एकविसाव्या शतकात थेट पहिल्या काही नावांत जाऊन बसते. पाउल, आंटोन, एमिल, इडा, फ्रीडा यांचेही कमी-अधिक प्रमाणात असेच झाले आहे. आईवडिलांना स्वतःच्या पिढीची नावे फार ओळखीची वाटतात आणि त्यांच्या आईवडिलांच्या पिढीची जुनाट. पणजोबा-पणजीच्या नावाशी मात्र कोणताही नकोसा चेहरा जोडलेला नसतो, त्यामुळे ते नवे वाटू शकते. तथापि शंभर वर्षे उलटली की प्रत्येक नाव परत येते, असे समजणे चुकीचे ठरेल. होर्स्ट, ग्युंटर, गेर्ट्रूड ही नावे अजून परतलेली नाहीत. परतलेल्या आणि न परतलेल्या नावांचे आलेख शेजारी ठेवले की कारण कानालाच कळते : आजच्या पालकांना लहान, स्वरबहुल, मऊ उच्चाराची नावे हवी आहेत. फ्रीडरिश, विल्हेल्म, हिल्डेगार्ड अशी दोन प्राचीन जर्मानिक पदे जोडून झालेली भारदस्त नावे मागे पडून लेआ, मिया, नोआ, लुका पुढे येतात ती याच कारणाने. मुलाचे नाव ‘आ’कारान्त असणे पूर्वी जर्मन कानाला खटकत असे, लुका आणि नोआ यांच्या लोकप्रियतेने ती अढीही गेली.

केव्हिनचा आलेख मात्र वाचताना वाईट वाटते. 1991 मध्ये हे नाव मुलांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होते आणि त्यानंतर ते वेगाने खाली आले. त्या वर्षी जर्मन चित्रपटगृहांत गाजलेल्या एका अमेरिकी विनोदी चित्रपटातील लहान नायकाचा या लाटेत मोठा वाटा होता. पुढे हे नाव निम्न सामाजिक स्तराची खूण मानले जाऊ लागले. 2009 मध्ये ओल्डेनबुर्ग विद्यापीठात झालेल्या अभ्यासातून प्राथमिक शिक्षकांचे अशा नावांविषयीचे पूर्वग्रह उघड झाले आणि त्याची देशभर चर्चा झाली. पूर्व जर्मनीतील मँडी, पेगी, रॉनी या नावांनाही अशीच हेटाळणी सोसावी लागली. नावामुळे मुलाविषयी आधीच मत बनवले जाणे हा अन्याय आहे, आणि आलेखातील ती उतरती रेघ पाहताना त्या नावाने वाढलेल्या हजारो मुलांचा विचार वाचकाने जरूर करावा.

आता मर्यादांविषयी. सरकारी आकडेवारी नसल्यामुळे इथले आकडे नमुन्यांवरून काढलेले असतात, आणि जितके मागे जावे तितका हा आधार विरळ होत जातो. म्हणून लाट केव्हा आली आणि केव्हा ओसरली यासाठी या याद्यांवर निःशंकपणे विसंबावे. 1910 मध्ये एखादे नाव सहावे होते की नववे, यावर वाद घालू नये. दुसरा प्रश्न मोजणीच्या पद्धतीचा आहे. जर्मनीत अनेक मुलांना दोन किंवा तीन नावे दिली जातात. बीलेफेल्ड फक्त पहिले नाव मोजतात. भाषा संस्था सर्व नावे एकत्र मोजते आणि पहिल्या नावांची यादी वेगळी देते. मारी आणि सोफी ही दुसरे नाव म्हणून अतिशय प्रिय असल्यामुळे एकत्रित मोजणीत ती नेहमी वर दिसतात, प्रत्यक्षात मात्र त्या नावांनी हाक मारली जाणाऱ्या मुली त्या मानाने कमी असतात. पहिल्या नावांपुरते पाहिले तरी दोन्ही याद्या जुळतीलच असे नाही : 2023 साठी मुलांमध्ये दोन्हीकडे नोआ पहिला होता, पण मुलींमध्ये बीलेफेल्ड यांच्याकडे एमिलिया तर भाषा संस्थेकडे सोफिया पहिली होती. वेगवेगळ्या लेखनाची नावे एकत्र धरली जातात, हेही ध्यानात ठेवावे लागते. भाषा संस्थेच्या 2018 च्या यादीत बर्लिनमध्ये पहिल्या नावांत मोहम्मद अग्रस्थानी आले तेव्हा बराच गदारोळ झाला. या नावाची अनेक लेखनरूपे एकत्र मोजली होती, आणि अनेक मुस्लिम कुटुंबांत हे नाव परंपरेनेच प्रथम ठेवले जाते, हे त्या गदारोळात फारसे कोणी सांगितले नाही. पद्धतीविषयीची माहिती यादीच्या शेजारीच ठळकपणे द्यायला हवी, अशी माझी दोघांनाही सूचना आहे.

तिसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. लोकप्रियतेचा आलेख पालकांची आवड दाखवतो. नावाच्या बाबतीत झालेली बळजबरी तो दाखवू शकत नाही. ऑगस्ट 1938 च्या अध्यादेशाने जर्मनीतील ज्या ज्यूंची नावे सरकारने ठरवलेल्या ज्यू नावांच्या यादीत बसत नव्हती, त्या पुरुषांना ‘इस्राएल’ आणि स्त्रियांना ‘सारा’ हे जादा नाव लावणे 1 जानेवारी 1939 पासून सक्तीचे करण्यात आले. तीसच्या दशकाची यादी वाचताना हेल्गा आणि होर्स्ट यांच्या बरोबरीने हेही ठाऊक असायला हवे. आज नोआ, एलियास, हाना ही बायबलच्या जुन्या करारातील नावे जर्मन कुटुंबे आनंदाने ठेवतात, हा बदल म्हणूनच मला साध्या आवडीनिवडीपेक्षा मोठा वाटतो. जुन्या दशकांच्या याद्यांना अशा इतिहासाची ठसठशीत जोड मिळाली, तर या संकेतस्थळाची योग्यता कितीतरी वाढेल.

जर्मनीत बाळाचे नाव ठेवू पाहणाऱ्या मराठी पालकांसाठी एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. नोंदणी अधिकारी मुलाच्या हिताला बाधक ठरणारे नाव नाकारू शकतो, आणि पूर्वी नावावरून मुलगा की मुलगी हे स्पष्ट व्हावे असाही आग्रह धरला जात असे. तो आग्रह मोडीत निघाला तो एका भारतीय नावामुळे. मुलीचे नाव ‘किरण’ ठेवण्यास नकार मिळाल्यावर प्रकरण जर्मनीच्या संघराज्य घटना न्यायालयापर्यंत गेले, आणि डिसेंबर 2008 मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की नावातून लिंग स्पष्ट झालेच पाहिजे असे बंधन कायद्यात नाही. आपल्याकडे किरण, सुहास, शिरीष यांसारखी नावे स्त्री-पुरुष दोघांची असू शकतात, त्यामुळे हा निर्णय आपल्या माणसांच्या थेट उपयोगाचा आहे. अधिकारी अपरिचित नावाविषयी साशंक असेल तर बीलेफेल्ड यांच्या आलेखांचा तिथे उपयोग नाही. त्यासाठी वीसबाडेनच्या भाषा संस्थेची नाव-सल्ला सेवा आहे. ती शुल्क घेऊन नावाची पडताळणी करते आणि लेखी दाखला देते, जो नोंदणी कार्यालयात दाखवता येतो. बाळंतपणाच्या धावपळीत हे सुचत नाही, म्हणून नाव आधी ठरले असेल तर दाखलाही आधीच मागवून ठेवावा. आणि जन्माला येणाऱ्या बाळाच्या वर्गात त्याच नावाची आणखी किती मुले असतील याची उत्सुकता असेल, तर ‘बेलीब्टे फोरनामेन’वर त्या नावाचा गेल्या दहा वर्षांचा आलेख पाहून मगच निर्णय घ्यावा.