प्रथम वर्षाचा डिझाइन स्टुडिओ: यंत्राचे सुटे भाग घ्यावेत की माउंटबोर्ड?

वास्तुकलेच्या प्रथम वर्षात आकाराचा अभ्यास कशापासून सुरू करावा, याचा विचार करताना नाशिकच्या शिक्षकाला एक जादा पर्याय उपलब्ध असतो. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती जवळ असल्याने बेअरिंग, गिअर, कनेक्टिंग रॉड असे झिजलेले भाग गॅरेजमधून किंवा भंगारवाल्याकडून मिळवणे येथे अवघड नाही.

माउंटबोर्डची, म्हणजे मॉडेल बनवण्याच्या जाड पुठ्ठ्याची, बाजू भक्कम आहे. कटर, पट्टी आणि फेव्हिकॉल एवढ्यावर काम भागते, चुकलेला तुकडा लगेच पुन्हा कापता येतो, आणि १९२३ पासून बाउहाउस या जर्मन कला-डिझाइन शाळेत शिकवणाऱ्या योसेफ आल्बर्स यांनी तर नुसत्या कागदाच्या घड्यांतून आकार आणि ताकद यांचे नाते विद्यार्थ्यांपुढे ठेवले होते. मात्र कोऱ्या बोर्डातून विद्यार्थी बहुधा सवयीचे ठोकळेच उभे करतो आणि ‘हाच आकार का?’ या प्रश्नाला त्याच्याकडे ‘चांगला दिसतो’ यापलीकडे उत्तर नसते.

यंत्राच्या भागाला त्याचे काम आकार देते. कनेक्टिंग रॉडचा (इंजिनात पिस्टनला जोडलेल्या भागाचा) दांडा बहुधा ‘आय’ छेदाचा, म्हणजे आडवा कापल्यास इंग्रजी I अक्षरासारखा दिसणारा असतो, कारण वजन कमी ठेवूनही त्याने वाकता कामा नये. पुढे पोलादी तुळईत हाच छेद पुन्हा भेटतो. ६२०५ क्रमांकाचे बॉल बेअरिंग आडवे ठेवून मोजावे: आतील व्यास २५, बाहेरील ५२ आणि जाडी १५ मिलिमीटर. ते १:१०० प्रमाणात, म्हणजे शंभरपट मोठे मानून, वाचले तर उंची अवघी दीड मीटर भरते आणि माणूस आत उभा राहू शकत नाही. १:२०० मानले की ५ मीटर व्यासाचे दालन, त्याभोवती वर्तुळाकार मार्ग आणि ३ मीटर उंची मिळते. देवळातली प्रदक्षिणा लहानपणापासून केलेल्या मुलांना ही रचना समजावून सांगावी लागत नाही. प्रमाणाचा हा धडा बोर्डाच्या ठोकळ्यातून इतका थेट पोहोचत नाही, असे माझे ठाम मत आहे.

धोकाही आहे. भाग जसेच्या तसे जोडले तर यंत्रमानवाची शिल्पे तयार होतात आणि अवकाशाचा विचार मागे पडतो. शिवाय धातू जड, तेलकट आणि धारदार असतो, त्यामुळे भाग धुऊन घेणे आणि हातमोजे वापरणे सक्तीचे करावे.

तीन-चार आठवडे हाती असतील, तर भागाचे प्लॅन (वरून दिसणारा आराखडा) आणि सेक्शन (उभा छेद) काढून घ्यावेत, मग तो भाग टेबलावरून उचलून केवळ रेखाचित्रांवरून माउंटबोर्डची मॉडेल्स करायला लावावीत. एकच आठवडा असेल, तर सरळ बोर्ड निवडावा. मोजणे आणि रेखाटणे यांना वेळ नसेल, तर भाग गोळा करण्याचे श्रम वाया जातात.