गोव्यातल्या 'सनसेट हॉर्स राइड'मध्ये आमचे दहा हजार गेले, बेळगावकडच्यांनी बुकिंग करायच्या आधी वाचा

मुद्दाम लिहितेय, कारण आता सुट्ट्या लागल्या की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडची मंडळी गाड्या काढून गोव्याला उतरणार. आपल्याला गोवा म्हणजे काय, जांबोटी गेलं, कणकुंबी गेली, चोर्ला घाट उतरला की आलंच, सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला समुद्रावर असतो. त्यामुळे तिकडे आपण परक्या ठिकाणी चाललोय असं वाटतच नाही, आणि फसवणारे नेमकं हेच धरून बसलेत.

आमच्याबरोबर झालं ते असं. डिसेंबरात आम्ही, म्हणजे मी, हे, माझे धाकटे दीर आणि जाऊबाई, असे चौघं जाणार होतो. जाऊबाईंना घोड्यावर बसून समुद्रकिनाऱ्यावरून सूर्यास्त बघायची फार इच्छा, लग्न झाल्यापासून बोलत होती ती. इन्स्टाग्रामवर एक पेज सापडलं, त्यावर रील होती, पांढरीशुभ्र वाळू, उंचापुरे तुकतुकीत घोडे, वर बसलेली माणसं हेल्मेट घालून पाण्याच्या कडेकडेने चाललीत आणि मागे लालभडक सूर्य. माणशी १,९९९ रुपये, एक तासाची राइड, प्रत्येकाला वेगळा घोडा, सोबत गाइड, फोटो फ्री, शेवटी चहा.

मेसेज टाकला तर पाच मिनिटांत फोन. आणि बोलायला लागला ते शुद्ध आपल्या मराठीत. "ताई, तुम्ही बेळगावच्या काय? मी चंदगडचाच की, तुमच्या शेजारचा. माझा मामा शहापुरात असतो बघा." आता सांगा, सीमाभागात राहणाऱ्या माणसाला बाहेर कुठे असं कोण भेटलं की किती बरं वाटतं. इथं ऑफिसात, बँकेत, बोर्डावर सगळीकडे भाषेवरून आपण रोज काहीतरी ऐकत असतो, मग परमुलखात कोण 'आपल्याकडचा' निघाला की माणूस अर्धा विरघळतो. त्याला हे पक्कं माहीत होतं. पुढे मला कळलं की सोलापूरच्या एका कुटुंबाला त्याने मी अक्कलकोटचा म्हणून सांगितलं होतं आणि हुबळीच्या लोकांशी तो कन्नडमध्ये बोलायचा, तिथे तो धारवाडचा होता. म्हणजे नंबर आणि प्रोफाइल बघून आधी गाव ठरवायचा, मग नातं लावायचा.

निम्मे पैसे ॲडव्हान्स म्हणून ३,९९८ यूपीआयने घेतले, वर हेल्मेट आणि खोगिराचं 'रिफंडेबल डिपॉझिट' म्हणून २,००० वेगळे. ज्या खात्यात गेले त्याच्यावर पेजचं नाव नव्हतं, कुठल्यातरी बाईचं नाव होतं. ह्यांनी विचारलं तर म्हणे आमच्या मॅडमचं अकाउंट आहे, जीएसटीचं काम चालू आहे म्हणून सध्या त्यावर घेतोय.

आता वेळेकडे लक्ष द्या, हे फार महत्त्वाचं आहे. आम्हाला स्लॉट दिला साडेसहाचा, 'प्राइम सनसेट' म्हणून. डिसेंबरात गोव्यात सूर्य सहा वाजून पाच-दहा मिनिटांनी बुडतो. मे महिन्यात तो सातच्या आसपास जातो, तेव्हा साडेसहा ठीक आहे, पण थंडीच्या दिवसांत साडेसहा म्हणजे काळोख. जो खरंच घोडे चालवतो त्याला रोज सूर्य कधी जातो हे पाठ असतं, कारण त्याचा धंदाच त्यावर आहे. बारा महिने एकच वेळ सांगणारा माणूस किनाऱ्यावर उभाच नसतो, तो कुठेतरी खोलीत बसून फोनवर स्लॉट विकत असतो.

आम्ही आपले साडेपाचलाच जाऊन थांबलो. किनाऱ्याचं नाव लिहीत नाही, तिथल्या शॅकवाल्यांनी उलट आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, त्यांचा काय दोष. घोड्यांचा पत्ता नाही. फोन केला तर "निघालेत, निघालेत", परत फोन केला तर "ताई, आत्ता येऊलालेत बघा, फक्त बॅलन्स क्लिअर करून टाका, सिस्टीममध्ये पेमेंट दिसल्याशिवाय घोडे सोडत नाहीत". तिकडे सूर्य खाली खाली चाललाय, जाऊबाई एकदा पाण्याकडे बघतेय एकदा रस्त्याकडे, दीर म्हणतायत भरून टाक वहिनी, एवढ्या लांब आलोय. बाकी कुठल्या वस्तूच्या बाबतीत तुम्ही उद्या बघू म्हणून उठून जाऊ शकता, इथे दहा मिनिटं घासाघीस केली तर ज्यासाठी आलो तेच संपतं. फसवणाऱ्याने धंदा म्हणून सूर्यास्तच का निवडला ते तिथे उभं राहिल्यावर कळतं. राहिलेले ३,९९८ पण गेले. एकूण ९,९९६.

सूर्य बुडाला आणि मग दोन घोडे आले. चौघांना दोन. रीलमधले घोडे कुठे आणि हे कुठे, लहान चणीची तट्टं होती, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. बरोबर एक वयस्कर माणूस आणि त्याचा पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा. हेल्मेट नाही. मी पुढच्या घोड्याजवळ गेले तर त्याचा तंग, म्हणजे पोटाखालून खोगीर आवळतात तो पट्टा, मधोमध तुटलेला आणि तिथे निळी नायलॉनची दोरी बांधलेली. त्या दोरीने घोड्याच्या कातडीवर चांगलं चार बोटं लांब सोललेलं होतं आणि त्यावर ओली हळद थापलेली. त्यावरच परत दोरी आवळून माणसं बसवायची. माझ्या पोटात गोळाच आला. दिरांचं वजन नव्वदच्या वर आहे आणि बुकिंग करताना त्या माणसाने एकदाही वजन विचारलं नव्हतं. घोड्याने स्वतःच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त भार नेऊ नये असं घोडे पाळणारे मानतात, खोगीर धरून. तीनशे किलोचं तट्टू असेल तर साठ किलो झाले. आपल्याकडे १९६५ पासून ओझ्याच्या जनावरांचे सरकारी नियम आहेत, त्यात तट्टावर लादायच्या ओझ्याची मर्यादा ७० किलो आहे, आणि काटेरी लगाम वापरायलाही त्याच नियमांत बंदी आहे. जिथे बुकिंग करताना वजन विचारतात, आधी कधी बसलाय का विचारतात, तिथे घोड्याची काळजी घेणारं कोणीतरी आहे असं समजा.

घोडेवाल्याला मराठी येत नव्हतं, हिंदी मोडकी. बोलताना कानडी हेल ऐकू आला म्हणून मी कन्नडमध्ये विचारलं, "अण्णा, निमग एष्ट कोट्टार?" तुम्हाला किती दिले? माणूस एकदम मोकळा झाला. विजापूरकडचा निघाला, सीझनला गोव्यात येतो. त्याने मला फोनवरचा मेसेज दाखवला, त्यात चार माणसं, दहा-दहा मिनिटं, माणशी दोनशे, एवढंच होतं. तासभर नाही, गाइड नाही, फोटो नाही. आठशे रुपये, तेही महिनाअखेरीला देतो म्हणून सांगितलेले, आणि मागचे पैसे अजून मिळाले नव्हते. आम्ही दहा हजार भरलेत म्हटल्यावर तो नुसता बघतच राहिला, मग पोराला म्हणाला खोगीर काढ. चंदगडचा आपला माणूस म्हणवणारा फोन बंद करून बसला होता आणि आम्हाला खरं सांगितलं ते ह्या विजापूरच्या घोडेवाल्याने. आम्ही कोणी घोड्यावर बसलो नाही. पोराच्या हातात थोडे पैसे ठेवले, घोड्याच्या औषधाला म्हणून. तो नको नको म्हणत होता.

एवढ्यावर संपलं असतं तरी एक वेळ चाललं असतं, पण दुसऱ्या दिवशी त्याच नंबरवरून मेसेज, सॉरी ताई, मिसकम्युनिकेशन झालं, तुमचं डिपॉझिट आणि निम्मे पैसे परत करतोय, हा क्यूआर कोड स्कॅन करा. ह्यांनी स्कॅन केला, स्क्रीनवर ५,९९८ रक्कम आली आणि खाली पिन मागायला लागला. जाऊबाई निपाणीच्या एका पतसंस्थेत काम करते, तिने हातातून फोनच काढून घेतला. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून बाहेर जाणार, समोरचा त्याला रिफंड म्हणो, कॅशबॅक म्हणो, काहीही म्हणो. एकदा फसलेला माणूस पैसे परत मिळतील म्हणून जास्त घाईत असतो, म्हणून हा दुसरा डाव टाकतात. आपापल्या घरातल्या मोठ्या माणसांना हे बसवून समजावून सांगा.

तक्रारीचं सांगते, कारण इथे सीमेवरच्या माणसाची फार ओढाताण होते. आम्ही आधी एका ठाण्यात गेलो तर उत्तर मिळालं, गोव्यात झालंय नव्हं, तिकडे जावा. असं कोणी म्हटलं तर परत फिरू नका. १ जुलै २०२४ पासून जो नवीन फौजदारी प्रक्रियेचा कायदा लागू झालाय, त्यात गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर देता येतो, तो पुढे ते योग्य ठाण्याकडे पाठवतात. शिवाय ऑनलाइन पैसे गेले असतील तर सगळ्यात आधी १९३० ला फोन लावा, तो देशभर एकच आहे, आणि सरकारच्या सायबरक्राइम पोर्टलवर घरबसल्या तक्रार नोंदवता येते. जितक्या लवकर कराल तितकं बरं, कारण पैसे समोरच्या खात्यातून पुढे सरकायच्या आत अडवता आले तरच काही हाताला लागतं. आमची पहिली रक्कम केव्हाच पुढे गेली होती, शेवटचे ३,९९८ मात्र होल्डवर पडलेत, अजून हातात आलेले नाहीत. बेळगावात सायबर गुन्ह्यांसाठी वेगळं सीईएन पोलीस ठाणं आहे. बँकेत पण लेखी अर्ज द्या, पण रिझर्व्ह बँकेचा जो तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाचं नुकसान नाही असा नियम लोक सांगतात, तो आपल्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांना आहे, स्वतः पिन टाकून पाठवलेल्या पैशांना तो लागत नाही. त्या भरवशावर बसू नका.

ग्राहक आयोगाचा रस्ता पण आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते, त्यासाठी गोव्याला हेलपाटे मारायची गरज नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी पण नाही. अडचण एकच, समोरच्याचं नाव-पत्ता पाहिजे. पेजवर नुसतं नाव आणि मोबाईल नंबर असेल तर नोटीस पाठवणार कुठे? म्हणून पैसे भरायच्या आधीच पत्त्यासकट बिल मागायचं. गोव्यात ट्रॅव्हल एजंटसारख्या पर्यटन धंद्यांना १९८२ च्या कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते, तो नोंदणी नंबर विचारा. खरा धंदेवाला असेल तर लगेच देतो, आमच्यावाल्याला विचारलं असतं तर त्याने नक्की 'ताई, आपल्या माणसावर विश्वास नाही काय' असंच म्हटलं असतं.

आणि ज्यांना खरंच राइड करायची असेल त्यांना एवढंच सांगेन की बुकिंगच्या आधी घोड्याजवळ उभं राहून व्हिडिओ कॉल करायला सांगा, रीलवर जाऊ नका. आमच्या पुतण्याने नंतर त्या रीलमधला एक फोटो गूगल लेन्सवर टाकला तर तो भलत्याच देशातल्या किनाऱ्याचा निघाला, मूळ पेज पण सापडलं. सगळ्यात चांगलं म्हणजे किनाऱ्यावर जाऊन घोडेवाल्याशी थेट बोला, आधी पाठीवर, पोटाखाली जखम आहे का बघा, तंग आणि रिकीब, म्हणजे पाय ठेवायची कडी, धड आहे का बघा, घोडा लंगडतोय का ते चार पावलं चालवून बघा, आणि मग पैसे त्याच्याच हातात द्या. उजेड असतानाच बसा, अंधार पडल्यावर लाइफगार्ड पण जागेवर नसतात आणि भरती कुठवर आलीय ते दिसत नाही. पैसे पाठवताना स्क्रीनवर जे नाव येतं ते आणि बिलावरचं नाव एक नसेल तर तिथेच थांबा.

त्या घोडेवाल्याला मी नंतर फोन केला होता, घोड्याची जखम भरत आलीय म्हणाला, आणि त्या माणसाचं काम त्याने सोडलंय, आता किनाऱ्यावर स्वतःच गिऱ्हाईक बघतो. पण तो माणूस थांबलेला नाही. परवा भावजींना तीच रील दुसऱ्या नावाच्या पेजवर दिसली, तीच पांढरी वाळू, तेच हेल्मेटवाले, रेट फक्त १,७९९ केलाय. आम्ही रिपोर्ट केलंय. तुम्हाला दिसली तर तुम्हीही करा, आणि कुणाचे आधीच पैसे गेले असतील तर चॅट, कॉल हिस्ट्री, पेमेंटचे स्क्रीनशॉट, काहीच डिलीट करू नका, आमच्या तक्रारीत तेच सगळं मागितलं गेलं.